सव्वा महिना संपला, मग?

माझं सासर यवतमाळ जिल्ह्यात राळेगाव तालुक्यात आणि माहेर वर्धा नदीच्या पलीकडे, वर्धा जिल्ह्यात. अंतर फार नाही, पण मधे जिल्हा बदलतो आणि जिल्हा बदलला की कागदांची ओढाताण सुरू होते. पहिलं बाळंतपण माहेरी करायची आपली रीत, त्यामुळे हे अनेकींच्या वाट्याला येतं. मुलगी आता सहा महिन्यांची झाली. कोण मदतीला आलं, सरकारकडून काय मिळालं, काय अडलं आणि कोणत्या आठवड्यांत कोणीच नव्हतं, हे सगळं क्रमानं लिहिते आहे. गावातल्या दोघी-तिघी विचारतात आणि तोंडी सांगताना काही ना काही राहून जातं.

जानेवारी २०२४ मध्ये सासरच्या उपकेंद्रात नाव नोंदवलं. तिथे माता बाल संरक्षण कार्ड मिळालं. हे कार्ड म्हणजे पुढच्या सगळ्या कामांची किल्ली, ते प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवा आणि दोन-तीन झेरॉक्स काढून ठेवा. त्याच महिन्यात आशाताईंनी प्रधानमंत्री मातृ वंदना योजनेचा अर्ज भरून घेतला. आधार, पासबुक, रेशन कार्ड आणि तपासणीची नोंद असलेलं हे कार्ड, एवढं लागलं. पहिल्या बाळासाठी एकूण ५००० रुपये मिळतात. गरोदरपणाची नोंदणी आणि निदान एक तपासणी झाली की ३०००, बाळाच्या जन्माची नोंद आणि साडेतीन महिन्यांपर्यंतच्या लसी झाल्या की २०००.

मे उलटला तरी पैसे आले नाहीत. जुलैत लाडकी बहीणचे फॉर्म सुरू झाले तेव्हा आधार लिंक करायला बँकेत बायांची ही गर्दी. पोट घेऊन मीही रांगेत उभी. तिथे कळलं की माझं आधार या बँकेला जोडलेलंच नाही, ते कॉलेजात शिष्यवृत्तीसाठी उघडलेल्या पोस्टाच्या खात्याला जोडलेलं आहे. ३००० रुपये तिकडे मे महिन्यातच येऊन पडले होते. अर्जावर कोणताही खाते क्रमांक लिहा, पैसे आधार ज्या खात्याला जोडलेलं असेल तिथेच जातात. आधारच्या साईटवर 'बँक सीडिंग स्टेटस' बघता येतं, दोन मिनिटांचं काम आहे. आणि हो, 'लाडकी बहीण घेतली तर मातृ वंदना बंद होते' असं गावात पसरलं होतं. मला दोन्ही मिळाले.

पेरण्या आटोपल्यावर माहेरी गेले. जाताना अंगणवाडीच्या ताईंना सांगितलं, त्यांनी मोबाईलवर माझं नाव माहेरच्या अंगणवाडीकडे पाठवलं. माहेरी पोचल्यावर तिथल्या उपकेंद्रातल्या सिस्टरला आणि आशाताईला कार्ड दाखवलं. हे कोणी सांगत नाही, आपणच जायचं. नाहीतर माहेरची आशा समजते, ही पाहुणी, आणि सासरची समजते, ती तर गेली माहेरी.

२६ ऑगस्टच्या रात्री कळा सुरू झाल्या. भावाने १०२ ला फोन केला, गाडी पाऊण तासात आली. २७ ला, गोपाळकाल्याच्या दिवशी पहाटे मुलगी झाली. २ किलो ६०० ग्रॅम. सरकारी दवाखान्यात जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली बाळंतपण, औषधं, रक्त-लघवीच्या तपासण्या, जेवण आणि घरी सोडणारी गाडी हे सगळं मोफत असतं. साधं बाळंतपण असेल तर जेवण तीन दिवस आणि सिझेरियन असेल तर सात दिवस. आमचा खर्च झाला तो चहा-बिस्किटं, भावाचं पेट्रोल आणि आईच्या फोनचं रिचार्ज. जननी सुरक्षा योजनेचे ७०० रुपये मला लागू नव्हते. ते आपल्याकडे दारिद्र्यरेषेखालच्या आणि अनुसूचित जाती-जमातीच्या बायांसाठी आहेत. तुमचं पिवळं कार्ड असेल तर तिथेच विचारा, नंतर विचारायला गेलं की कागद सापडत नाहीत.

एक गोष्ट सिस्टरमुळे वाचली. रात्रीच्या घाईत भावाने केसपेपरवर माझं माहेरचं आडनाव सांगितलं होतं. सुट्टी व्हायच्या आधी सिस्टर म्हणाली, "आधारवर काय नाव आहे ते बघा बाई, नाहीतर दाखल्यावर हेच येईल." आधारची झेरॉक्स देऊन तिथल्या तिथे दुरुस्त झालं. शेजारच्या खाटेवरच्या बाईला मोठ्या मुलाच्या वेळी याच दुरुस्तीसाठी तीन महिने हेलपाटे घालावे लागले होते.

दूध पाजायला कोणी शिकवलं असेल तर तेही तिथल्या रात्रपाळीच्या सिस्टरनेच. आईने चार लेकरं वाढवली, पण तिला विचारलं तर म्हणे, "पाजायचं काय शिकवा लागते?" मला लागलं. पहिला पिवळा चीक निघाला तो जेमतेम चमचाभर, पोर रडायची आणि मीही. सिस्टरने बाळाचं तोंड पूर्ण उघडेपर्यंत थांबायला लावलं आणि मग नुसतं निपल नाही तर भोवतीचा काळा भागही तोंडात जाईल असं धरायला दाखवलं. त्याने दुखणं निम्मं झालं. तिसऱ्या दिवशी दूध उतरलं.

घरी आल्यावर माहेरच्या आशाताईंच्या भेटी सुरू झाल्या. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर तिसरा, सातवा, चौदावा, एकविसावा, अठ्ठाविसावा आणि बेचाळिसावा, एवढ्या दिवशी त्या घरी येतात. नवजात बाळाला घरी जाऊन तपासायची ही पद्धत आपल्याच गडचिरोलीतल्या 'सर्च' संस्थेच्या कामातून आली आणि २०११ पासून देशभर लागू झाली. ताई झोळीच्या काट्यावर वजन करायच्या, ताप मोजायच्या, घड्याळ लावून श्वास मोजायच्या, नाळ बघायच्या. सगळ्या भेटी पूर्ण केल्या की आशाला २५० रुपये मिळतात. एका भेटीला नाही, सगळ्या मिळून. पावसात चिखल तुडवत येणाऱ्या बाईला एवढेच मिळतात हे कळल्यावर मला चहाखेरीज त्यांना जाऊ द्यायची लाज वाटायची.

त्यांच्या फॉर्मवर आईसाठीही काही प्रश्न असतात. रक्तस्राव किती, ताप आहे का, आणि चोवीस तासांत किती वेळा जेवली. हा शेवटचा प्रश्न आमच्या घरात फार गाजला. आईच्या मते बाळंतिणीला पातळ, मोजकं आणि गरमच द्यायचं. पाणीसुद्धा पेल्याने मोजून. ताईंनी विचारलं, "किती डाव जेवली व?" मी म्हटलं, दोन. त्यांनी आईकडे बघितलं.

"माय, चार डाव तरी पोटभर जेवू दे तिले. दूध कुठून येईन?"

"आमच्या टायमाले पाच दिवस नुसती पेज देत होते."

"अन् तुमच्या टायमाले किती लेकरं वाचत होते, ते बी सांग."

आई गप्प झाली. आईचं पहिलं मूल गेलेलं होतं, आणि ताईंना ते माहीत होतं. मला तेव्हा ते बोलणं कठोर वाटलं. पण २ सप्टेंबरला पोळा होता आणि त्या दिवशी आईने मला पुरणपोळी वाढली, वर तूप घालून. "लेकराले वात झाला तर त्या आशाले बोलवजो," एवढं म्हणाली. लेकराला काही झालं नाही.

सगळंच ताईंनी मोडून काढलं असं नाही. गोडंबी घातलेले डिंकाचे लाडू, हळीव, बाळंतशेपा याला त्यांचा विरोध नव्हता. लाडवांच्या सामानाला भावाचे अडीच हजार गेले. शेगडी मात्र खोलीबाहेर गेली, कारण बंद खोलीतला धूर बाळाच्या छातीला वाईट. नाळेवर तेल-हळद नाही, डोळ्यात काजळ नाही, घुटी नाही, सहा महिने पाणीही नाही. मालिशला येणारी म्हातारी सुईण आणि आशाताई यांचं जमणार नाही असं वाटलं होतं, पण दोघी एकमेकींना मान देऊन होत्या. सुईणीचा हात पाठीवर फिरला की मला झोप लागायची. तिला महिन्याचे दीड हजार आणि एक लुगडं दिलं, आणि मला विचाराल तर कमीच दिले.

चौथ्या-पाचव्या दिवशी कारण नसताना रडू यायचं. ताई म्हणाल्या, हे बहुतेकींना होतं, दहा-पंधरा दिवसांत जातं. पंधरा दिवसांच्या पुढे राहिलं तर सांगजो. तेव्हा ते खरंच गेलं. माझ्याभोवती आई, वहिनी, सुईण, बाळंतविडा घेऊन येणाऱ्या मावश्या, पाचवीची पूजा, बारसं, कोणी ना कोणी सतत होतं. अंगणवाडीतून घरपोच आहाराची पाकिटंही माहेरीच मिळाली. चवीला यथातथाच होती, पण वहिनीने त्यात गूळ घालून खपवली.

जन्माची नोंद २१ दिवसांच्या आत मोफत होते आणि ती जन्म जिथे झाला तिथेच होते, सासरच्या ग्रामपंचायतीत नाही. आमची दवाखान्यातूनच झाली. बारसं व्हायचं होतं म्हणून नावाची जागा रिकामी होती. ते चालतं, एका वर्षाच्या आत बाळाचं नाव विनाशुल्क घालून मिळतं. पण सासरी जायच्या आधीच घालून घ्या, परत नदी ओलांडायला कोण येणार?

८ ऑक्टोबरला दीड महिन्याच्या लसी झाल्या. योगायोग असा की बेचाळिसावा दिवस त्याच आठवड्यात. आशाताईंची शेवटची भेट झाली, सुईणीचं काम संपलं, सव्वा महिना उलटला म्हणून ओटी भरून आईने पाठवणी केली. १० तारखेला मी सासरी आले. दोन दिवसांनी दसरा होता.

दसऱ्यानंतर कापूस फुटला.

इथून पुढचं मला जास्त सविस्तर लिहायचं आहे, कारण याबद्दल मला कोणी सावध केलं नव्हतं. आपल्या रीतीप्रमाणे बाळंतिणीची सेवा सव्वा महिना, आणि सरकारी भेटी बेचाळीस दिवस. दोन्ही आधार एकदमच सुटतात. आशाच्या पुढच्या भेटी असतात, पण त्या बाळ तीन महिन्यांचं झाल्यावर सुरू होतात आणि मग दर तीन महिन्यांनी, सव्वा वर्षापर्यंत. मधले सहा-सात आठवडे कोणाच्याच वहीत नाहीत. आणि आमच्याकडे नेमके तेच आठवडे वेचणीचे.

सकाळी सातला घर रिकामं व्हायचं. नवरा, सासूबाई, मामंजी, जाऊबाई सगळे वावरात. गल्लीत दारं बंद. संध्याकाळी येतील तेव्हा दमलेले. सासूबाई दिवसाला तीस-चाळीस किलो वेचतात, त्या घरी थांबल्या तर मजूर लावावा लागतो आणि वेचणीला मजूर मिळतात कुठे? त्यांना दोष देता येत नाही. १५ ऑक्टोबरला विधानसभेची आचारसंहिता लागली आणि अंगणवाडीच्या ताईही मतदार याद्यांच्या कामात अडकल्या. दिवसभर मी, पोरगी आणि पत्र्यावर चढणाऱ्या शेळ्या.

दिवाळीपर्यंत माझं असं झालं होतं की पोरगी झोपली तरी मला झोप लागत नव्हती. जेवणाची चव गेली. ती रडायची तेव्हा उठायला हात-पाय उचलायचे नाहीत. वाटायचं, हिला माझ्यापेक्षा कोणीही चांगलं सांभाळेल. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, थकली आहेस, वेचणी झाली की माहेरी जाऊन ये. सासूबाईंनी नजर काढली, मीठ-मिरच्या ओवाळल्या. त्याने मला बरं वाटलं, कारण तेवढा वेळ त्या माझ्याजवळ बसल्या होत्या.

लक्ष्मीपूजनानंतर एका रात्री १४४१६ वर फोन केला. टेलिमानस नावाची ही सरकारी सेवा आहे, मोफत, चोवीस तास, आणि मराठीत बोलता येतं. नंबर मला माहेरच्या उपकेंद्राच्या भिंतीवरून आठवत होता. फोन उचलणाऱ्या बाईंनी नाव विचारलं, ते सांगावंसं वाटलं नाही तरी चालेल म्हणाल्या. झोप, भूक, बाळाबद्दल किंवा स्वतःबद्दल काही वाईट विचार येतात का, हे सरळ विचारलं. इतकं सरळ मला कोणीच विचारलं नव्हतं. वीस-एक मिनिटं बोललो. त्या म्हणाल्या, हे दोन आठवड्यांच्या पुढे गेलं आहे, डॉक्टरांना दाखवा, आणि घरातल्या एका माणसाला आजच सांगा. मी फोन ठेवून नवऱ्याला उठवलं.

५ नोव्हेंबरला अडीच महिन्यांच्या लसी सासरच्या अंगणवाडीत होत्या. लस टोचून झाल्यावर सिस्टरला बाजूला घेऊन सांगितलं. जिल्ह्याची मानसिक आरोग्याची टीम ठरलेल्या दिवशी ग्रामीण रुग्णालयात येते, हे तिने सांगितलं. आमच्याकडे तो दिवस पुढच्या आठवड्यात होता. तुमच्याकडचा वार उपकेंद्रात विचारून घ्या. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपरलाही पैसे लागत नाहीत. आम्हाला खर्च आला तो एसटीचा आणि दुपारच्या जेवणाचा. शेतकरी कुटुंबातल्या लोकांची तिथे चांगलीच गर्दी होती. त्यात बाळ घेऊन आलेली मी एकटी, म्हणून सगळे वळून बघत होते. ते सहन करायचं.

तिथल्या समुपदेशक बाईंनी दहा प्रश्नांचा कागद भरून घेतला. बाळंतपणानंतरच्या नैराश्यासाठीच तो बनवलेला असतो. डॉक्टरांनी रक्त तपासायला लावलं, कारण अंगात रक्त कमी असेल किंवा थायरॉईड बिघडला असेल तरी असंच वाटतं. थायरॉईड ठीक निघाला, हिमोग्लोबिन ९.२. लोहाच्या गोळ्या बाळंतपणानंतर १८० दिवस घ्यायच्या असतात, माझी माहेरची पाकिटं संपली होती. नव्या गोळ्या उपकेंद्रात फुकट मिळाल्या. मनाच्या गोळ्या लगेच दिल्या नाहीत. आधी झोप नीट करून दोन आठवड्यांनी या म्हणाले, मात्र जिवाचं काही बरंवाईट करावंसं वाटलं तर त्याच क्षणी या. एकीला गोळ्या लागतात, एकीला नाही, ते डॉक्टर ठरवतील. दूध पाजताना घेता येतील अशा गोळ्या असतात, हेही त्यांनी सांगितलं.

झोप नीट करा म्हणजे काय, हे डॉक्टरांनी मला न सांगता नवऱ्याला सांगितलं, आणि तेच कामी आलं. रोज रात्री सलग चार तास मला उठवायचं नाही. मग आम्ही असं बसवलं: नऊ वाजता मी पाजायचं, थोडं दूध उकळलेल्या वाटीत काढून ठेवायचं आणि झोपायचं. मधे पोरगी उठली तर नवरा ते वाटी-चमच्याने पाजणार. बाटली नाही, आणि काढलेलं दूध चार तासांच्या आत संपवायचं. पहिल्या रात्री त्याने निम्मं दूध स्वतःच्या बनियनवर सांडलं. आठवड्यात हात बसला.

दिवसाचा प्रश्न सासूबाईंनी आणि शेजारच्या आजीने सोडवला. वेचणीला एक दिवसाआड सासूबाई दुपारी जेवणाच्या वेळी परत यायच्या आणि मग जायच्याच नाहीत. शेजारची आजी, जिला आता वाकता येत नाही म्हणून वेचणी सुटली होती, ती सकाळी आमच्या ओट्यावर येऊन बसू लागली. गावात आणखी दोन लेकुरवाळ्या होत्या, एक माझ्यासारखीच पहिलटकरीण. आजीने त्यांनाही हाक मारली. तीन लेकरं एका सतरंजीवर आणि आम्ही तुरीच्या शेंगा सोलत. बोलणं फार खोल वगैरे नसायचं. कोणाच्या पोराला शी झाली नाही, कोणाची सासू काय म्हणाली, एवढंच. मला तेवढंच हवं होतं.

नोव्हेंबरअखेर, मतदान उरकल्यावर, सासरच्या आशाताई तीन महिन्यांच्या भेटीला आल्या, तोवर मी बरीच सावरले होते. दुसऱ्यांदा दवाखान्यात गेले तेव्हा तोच कागद परत भरला, गुण उतरले होते, म्हणजे त्रास कमी झाला होता.

३ डिसेंबरला साडेतीन महिन्यांच्या लसी झाल्या आणि दुसऱ्या हप्त्याचा अर्ज दिला. जन्म दाखला आणि लसींच्या नोंदींची कार्डाची पानं लागली. माहेरी दिलेल्या लसीपुढे तारीख होती पण सही नव्हती, म्हणून अर्ज अडला. भावाने कार्ड नेऊन तिथल्या सिस्टरची सही आणली. तुम्ही लस दिल्याबरोबर सही बघून घ्या. २००० रुपये फेब्रुवारी २०२५ मध्ये जमा झाले, याही वेळी पोस्टाच्याच खात्यात.

मुलगी आहे आणि रेशन कार्ड केशरी, म्हणून लेक लाडकीचाही अर्ज अंगणवाडीत दिला आहे. १ एप्रिल २०२३ नंतर जन्मलेल्या, पिवळ्या-केशरी कार्डाच्या घरातल्या मुलीला जन्मल्यावर ५००० आणि पुढे शाळेच्या टप्प्यांवर मिळत अठरा वर्षांपर्यंत एकूण १ लाख १ हजार मिळतात. उत्पन्न वर्षाला एक लाखाच्या आत असल्याचा तहसीलचा दाखला लागतो. तो काढायला आम्हाला पंधरवडा लागला, तेव्हा आधी त्याचाच अर्ज टाका. आमची फाईल सध्या तालुक्याला आहे. अंगणवाडीच्या ताई म्हणतात, मार्च संपल्यावर विचारा.